पोहणाऱ्या कुत्र्यांचं औषध

१० मार्च

सुनेला, चंचलला, तोंडावर बोललं की ती रडते. म्हणून आता वहीत लिहायचं ठरवलं. वही निदान रडत नाही. शेठच्या मिलनं नव्या वर्षाला फुकट वाटलेली आहे, वर लक्ष्मीचा फोटो. मी चौथी शिकलेली. घरात बोलते अहिराणी, पण लिहायला बसलं की शाळेतल्या मास्तरांनी शिकवलेलं तेच हाताला येतं.

सुरतेतली गोडादऱ्याची खोली सोडून पलसाण्याच्या पुढे या फार्महाऊसवर आलो त्याला आठ महिने झाले. योगेंद्र, माझा मुलगा, बारा वर्षं लूमवर होता. खटखटीनं कान गेले, मग कारखानेदारानं काढलं. आता शेठच्या गेटवर बसतो. इथे खोली आहे, पंखा आहे, पाणी आहे. नाही ते बोलायला माणूस. गोडादऱ्याला ओट्यावर बसलं की चार बायका जमत आणि जी आली नाही तिचा निकाल लागे. इथे एक मुलगा अर्धा बहिरा, एक सून अर्धी मुकी आणि शेठचे दोन कुत्रे.

कुत्रे मोठ्या जातीचे. काळा तो ब्रूनो, पिवळी ती टॉफी. या जातीची कंबर कच्ची असते, चालण्यापेक्षा पोहणं बरं, असं त्यांच्या डॉक्टरणीनं सांगितलं, तर शेठनं तळं खणून खाली प्लास्टिक अंथरलं. कुत्र्यांच्या कमरेसाठी तळं. माझ्या कमरेसाठी या घरात कुणी तांब्याभर पाणी तापवलेलं मला आठवत नाही.

काल शेठाणी आल्या. सोफ्यावर टेकल्या आणि उशीवर गोचीड चालताना दिसली. रक्त पिऊन फुगलेली, एरंडीच्या बीएवढी. शेठाणी ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बा, वेकेशनमां छोकरां आवशे. त्यारे एक पण इतरडी देखाशे तो हुं बीजा माणस राखीश." इतरडी म्हणजे गोचीड आणि बीजा माणस म्हणजे आम्ही रस्त्यावर. शांत बोलणाऱ्या बायकांची मला भीती वाटते, कारण त्या बोलतात तसं करतात.

दुसरं, चंचलचं. लग्नाला सहा वर्षं झाली, पोटी काही नाही. मी ठरवलंय. अखाजीला, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी झोका खेळायला जाते. तिचा भाऊ गणेश मुऱ्हाळी म्हणून न्यायला येईल, ती अमळनेरला जाईल. आणायला मात्र इथून कुणी जाणार नाही. पारोळ्याच्या सुकलालची मुलगी नवऱ्यानं टाकलेली आहे, पण तिला एक पोर झालेलं आहे, म्हणजे कूस चालते. चंचलला हे सगळं सांगितलंय. पाठीमागे करण्यासारखं यात काय आहे. ती रडली, मग भांडी घासायला गेली.

१३ मार्च

डॉक्टरीण आली. तिशीची पोरगी, पायात पुरुषी बूट. ज्या हातानं कुत्र्याचं तोंड उघडते त्याच हातानं बिस्कीट खाते. चंचलनं चहा केला आणि माझ्या कपात दोन चमचे साखर टाकली, कारण डॉक्टरणीसमोर बिनसाखरेचा कसा देणार. माझी शुगर वाढलेली आहे, गोळी खाते, पण शेठच्या माणसांपुढे अक्षर काढायचं नाही अशी घरात ताकीद आहे. आजारी म्हातारी कोण ठेवून घेतं. प्यायले गोड चहा.

डॉक्टरीण म्हणाली, "माजी, आ लोको दिवसमां केटली वार तरे छे?"

म्हटलं, "तीनदा. ऊन वाढलं की चारदा. तळ्यातून बाहेर काढायलाच माणूस लागतो."

मग तिनं ओट्यावर तीन वस्तू मांडल्या, भांडी विकायला आलेली बाई मांडते तशा. पहिलं, मानेवर टाकायचे थेंब. ते टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंग भिजू द्यायचं नाही, आणि रोज पोहणाऱ्या कुत्र्याला महिन्याचे थेंब महिनाभर पुरत नाहीत. दुसरा, गळ्यातला पट्टा. रोज भिजला की त्याचाही जोर लवकर सरतो, थोडं औषध तळ्यातही उतरतं, शिवाय मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, त्यांचे हात लागायचे. तिसरी गोळी. पोटातून रक्तात जाते, वरून कितीही पाणी गेलं तरी तिला काही होत नाही. एकदा दिली की तीन महिने. कुत्र्यांना कधी मिरगी आली होती का, विचारलं. नाही आली.

"तरनारा कूतरा माटे आ ज," म्हणाली, म्हणजे पोहणाऱ्यांना हीच, आणि गोळ्या दिल्या. कुत्र्यांनी पेढ्यासारख्या खाल्ल्या.

वर सांगितलं की गोचीड आधी चावेल, रक्त पिईल आणि त्यानं मरेल, तर एकदोन दिवस अंगावर दिसतील, घाबरू नका. म्हणजे आधी जेवू घालायचं आणि मग मारायचं. हे शिकायला तिच्या बापानं किती वर्षं कॉलेजात घातली कोण जाणे.

१४ मार्च

टॉफीच्या कानात चार. ब्रूनोच्या बोटांच्या बेचक्यात सहा. सगळ्या जिवंत, पाय हलवत होत्या. गोळी खोटी.

चंचल म्हणाली, "आत्या, मॅडम बोलनी व्हती ना, दोन दिवस लागतीन."

"तुले कोणी डॉक्टर करं का वं?" मी म्हटलं. "सहा वर्षांत एक काम धड जमलं नाही तुझ्याच्यानं, आता कुत्र्यांची वैद्य झालीस."

ती गोचिडी वेचून रॉकेलच्या डबीत टाकत होती. हात थांबले नाहीत तिचे. हे एक चांगलं आहे, बोललं तरी काम थांबत नाही.

१६ मार्च

हिलाल आला. माझा पुतण्या, अमळनेरहून सुरतच्या मार्केटला भाजीची गाडी आणतो. त्याला मुद्दाम सांगितलं होतं. बैलांचं गोचिडीचं औषध, दोन बाटल्या. आमच्याकडे गोठ्यात तीस वर्षं हेच. बादलीभर पाण्यात ढवळलं की पांढरं होतं, वास डोक्यात जातो. वासावरून औषध कळतं. त्या गोळीला वासच नव्हता.

बैलाला एका बादलीला एक झाकण. पण या कुत्र्यांचे केस दाट, खाली आणखी लोकरीसारखे, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. म्हणून दोन झाकणं टाकायला सांगितली.

बाटलीवर हातमोज्याचं चित्र आहे. चंचल दहावी झालेली, तिनं ते बारीक वाचलं. उघड्या हातांनी लावू नये, अंगावर उडू देऊ नये, असं लिहिलंय म्हणाली. म्हटलं, ते शहरातल्या लोकांसाठी. तुझा सासरा उघड्या हातांनी चार बैल चोळायचा. खरं तर त्या दिवशी तो दुपारभर झोपून राहायचा, हाक मारली तरी उठायचा नाही. पण तो मुळातच आळशी, औषधाचं निमित्त.

चंचलनं लावलं. मी खाट टाकून बघत होते. केसांच्या उलट दिशेनं चोळ म्हणून सांगावं लागलं, तेही तिला कळत नाही.

१८ मार्च

एक नाही. कान उलटे करून पाहिले, शेपटीखाली पाहिलं, बेचक्या पाहिल्या. मेलेल्या, वाळलेल्या तेवढ्या खाली पडल्या होत्या, केरसुणीनं गोळा केल्या. डॉक्टरणीची पदवी तिच्या भिंतीवर आणि माझी बादलीत.

शेठना योगेंद्रनं फोटो पाठवले. शेठनं अंगठा पाठवला.

२५ मार्च

एक अडचण. कुत्रे पाण्यात उतरले की पाठीवरून पांढरं पाणी सुटतं आणि तळ्यात पसरतं. म्हणजे औषध धुतलं जातं. डॉक्टरीण पोहण्याबद्दल बोलत होती त्यात तेवढं तिचं खरं. मग मी हिशोब सोपा केला. पोहून आले की पुसायचे आणि पुन्हा लावायचं. तीनदा पोहले तर तीनदा.

गावाला वर्षातून दोनदा लावायचो, कारण बैल पोहत नव्हते. इथे कुत्रे पोहतात तर आपण कामाला कमी पडायचं नाही. चंचलचा परकर गुडघ्यापर्यंत ओलाच असतो दिवसभर. ऊन आहे, गारवा मिळतो.

ती म्हणाली, "आत्या, मन्हा हात चरचर करी ऱ्हायनात."

म्हटलं, खोबरेल लाव. लावलं आणि दुपारची बादली भरायला गेली.

४ एप्रिल

पोळी तव्यावर काळी झाली आणि ही शेगडीसमोर उभी राहून डुलत होती. उभ्याउभ्या झोपलेली बाई मी आजवर पाहिली नव्हती. पाठीत धपाटा घातला तर दचकलीसुद्धा नाही, हळूच डोळे उघडले, म्हशीसारखे. तिच्या आईबापांनी नाव काय विचार करून ठेवलं होतं कोण जाणे.

सकाळी दोनदा ओकली. तोंड कोरडं पडतं म्हणून सारखी माठाशी. माठ भरायचा कुणी, तर तीच, म्हणून मी काही बोलले नाही.

टॉफीही जरा सुस्त आहे. पाण्यात जायला मागते, पण काठावरच बसून राहते. उन्हाळाच असा आहे, माणसाला आणि जनावराला सारखाच.

७ एप्रिल

मला आधीच कळायला हवं होतं. ओकारी, चक्कर, झोप, तोंड कोरडं. मी तीन बाळंतपणं केलेली बाई, त्यातलं एक जगलं, आणि मला आठवडाभर कळलं नाही. राग डोळ्यांवर येतो तो असा.

तिला समोर बसवून विचारलं, "दिवस गयात का वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सहा वर्षांत माझ्या तोंडाकडे एवढा वेळ कधी पाहिलं नसेल. मग मान खाली घातली. सुना 'हो' अशाच म्हणतात.

योगेंद्रला गेटवर जाऊन ओरडून सांगितलं. त्याला पहिल्यांदा ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा त्यानं मुद्दाम सांगायला लावलं. पारोळ्याला सुकलालला फोन केला, म्हटलं थांब. तो म्हणाला, किती दिवस. म्हटलं, नऊ महिने तरी. फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं.

९ एप्रिल

चंचलला रोज पेलाभर दूध. खाटेवर ती, मी खाली. कैरी मागितली तर योगेंद्र सायकल घेऊन सचिन गावापर्यंत जाऊन आला, जवळ मिळत असताना. आज पहिली पोळी तिच्या ताटात वाढली. ती हसली. दात चांगले आहेत तिचे, सहा वर्षांत पाहिले नव्हते.

म्हणाली, "आत्या, तुमी बी बठा ना जेवाले."

बसले. आम्ही दोघी एका वेळी जेवायला बसलो असं याआधी झालं होतं का, आठवत नाही.

काम मात्र सोडू द्यायचं नाही. हलतीचालती बाई सुखानं बाळंत होते. योगेंद्रच्या वेळी मी आदल्या दिवसापर्यंत कापूस वेचत होते. कुत्र्यांचं काम काही कापसाएवढं नाही, बसून करायचं आहे. मी बादली फक्त उचलू देत नाही, ती योगेंद्र आणून ठेवतो. तिनं चोळायचं तेवढं.

१२ एप्रिल

योगेंद्रनं शेठच्या मिलमधून रबरी हातमोजे आणले, कोपरापर्यंतचे. चंचलला घालायला देत होता. मी काढून घेतले. रबरानं चोळलं तर औषध केसांच्या मुळापर्यंत जात नाही, बोटं लागतात त्याला. एक गोचीड राहिली आणि शेठाणीला दिसली तर हा काय मोजे दाखवणार तिला.

"माय, तिन्हा हात पाह्य ना," तो म्हणाला.

पाहिले. सोललेत जरा. सुईणीचे हात यापेक्षा वाईट असतात. त्याच्याशी भांडायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि ओरडलं की तो लगेच गप्प होतो, हे बरं आहे. मोजे पेटीत ठेवले. बाळंतपणात कपडे धुवायला येतील.

१९ एप्रिल

सकाळी नवाची बादली. चंचल टॉफीला चोळता चोळता तिच्याच अंगावर कलंडली. कुत्री ओरडली नाही, तशीच बसून राहिली, हिच्या डोक्याखाली. मला वाटलं झोपली. दोन शिव्या दिल्या. मग हात लावला तर गार, ओठ पांढरे, आणि नाडी अशी की एक ठोका लागला की दुसऱ्याची वाट बघावी.

दुधाच्या टेम्पोत घालून सुरतला दवाखान्यात नेलं. मी रस्ताभर देवीला सांगत होते, हिला ठेव नको ठेव, आतलं ठेव.

तिथे डॉक्टरनं सगळ्यात आधी तिचे हात नाकाला लावले. विचारलं, "क्या काम करती है ये?" योगेंद्रनं सांगितलं. तो माझ्याकडे वळला आणि सगळ्या वॉर्डासमोर बोलला, माजी, ते औषध कातडीतून आत जातं, रक्तातली साखर वाढते, नाडी मंद होते, झोप येते, माणूस मरतो. म्हटलं, एकही बैल मेला नाही आमचा. तो म्हणाला, "बैल को पानी में हाथ डालके नहीं बैठना पड़ता." हे डॉक्टर लोक, वाद घालायला शिकतात आधी.

मी म्हटलं, ते राहू द्या, पोटातलं सांगा. नर्सनं तपासणी केली. मग पुन्हा केली, कारण मी करायला लावली.

काही नाही. नव्हतंच कधी.

२१ एप्रिल

आणलं घरी. तिला खाटेवरून खाली घातलं. दूध बंद.

विचारलं, "कसाले खोटं बोलनी?"

ती पडल्या पडल्या म्हणाली, "मी कवय बोलनू आत्या? तुमीच बोलनात."

"तू मान हालवली."

"मान खाली घातली. मले वाटनं, थोडे दिवस तरी सुखनी पोळी खावाले भेटीन."

हे ती न रडता म्हणाली. मी वाट पाहिली, पण नाही रडली. मला जास्त राग त्याचा आला. दोन आठवडे मी खाली झोपले, माझ्या हातानं वाढलं, गावात फोन केले, आणि ही मनात हसत असेल. गोचिडीसारखी चिकटून माझं रक्त प्यायली.

सुकलालला फोन केला, अखाजीनंतर ये म्हटलं.

कुत्र्यांचं आता मी करते. डॉक्टर वॉर्डासमोर बोलला त्याचं उत्तर बोलून द्यायचं नाही मला, करून द्यायचं आहे. चौसष्ट वर्षांची बाई उघड्या हातांनी दिवसातून तीनदा लावते, बघा काय होतं ते. योगेंद्र म्हणाला, माय, मोजे तरी. पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे.

२४ एप्रिल

कुत्र्यांची डॉक्टरीण आली, सुट्टीत मुलं यायच्या आधी तपासायला. मी लिंबाखाली खाटेवर होते, उठले नाही. चंचल भिंत धरून तिच्याजवळ गेली. लांबून दिसत होतं ते असं. डॉक्टरणीनं टॉफीचा वास घेतला. मग बादलीचा. मग चंचलचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि धरूनच ठेवले. काहीतरी भराभर बोलत होती. 'त्रण महिना' एवढं ऐकू आलं आणि 'गोळी', पुन्हा 'गोळी'. स्वतःचा माल विकायचा म्हणजे तेच बोलणार. मग तिनं भरलेली बादली उचलून भिंतीपलीकडच्या खड्ड्यात ओतली आणि अर्धी बाटली पिशवीत घालून घेऊन गेली. दुसऱ्याचं औषध न विचारता. आणखी एक बाटली पेटीत आहे हे तिला माहीत नाही.

गाडीत बसताना मोठ्यानं विचारलं, "घरमां कोईने शुगर छे?"

चंचलनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ना मॅडम, कोईने नथी."

एवढ्या सगळ्यात हे एक बरं वाटलं. माहेरी परत जाणारी बाई, पण घरातली गोष्ट बाहेर काढली नाही. तेवढं तरी माझ्या हाताखाली शिकली.

ती परत आल्यावर विचारलं, औषध का ओतलं. म्हणाली, पाणी शिळं झालं होतं, रोज ताजं करा म्हणाल्या.

"आणि लावायचं काय म्हणाली?"

"एक दिवस बी चुकाडू नका म्हणन्यात."

बघा. शेवटी डॉक्टरीणही माझ्याच औषधावर आली.

२८ एप्रिल

गणेश आला. मुऱ्हाळ्याला रीतीनं जेवू घातलं, पुरणपोळी केली, आमरस केला. तो भाबडा आहे, विचारत होता की घ्यायला कधी येणार. म्हटलं, बघू, तिची तब्येत सुधारू दे.

चंचलची सगळी लुगडी, पातेलं, तिच्या आईनं दिलेला आरसा, सगळं पिशव्यांत भरलं. झोका खेळायला जाणारी बाई पातेलं घेऊन जात नाही, ते गणेशला कळलं नाही, तिला कळलं. तिनं पिशव्या मोजल्या.

निघताना पाया पडली. माझे हात हातात घेतले. तिचे हात अजून सोललेले, माझेही आता तसेच लाल झालेत, दोघींचे सारखे दिसत होते.

"आत्या," म्हणाली, "कुत्रासनं औषध सोडू नका. पव्हीसन उनात का लगेच लावा. दोन झाकण." पोहून आले की लगेच, माझंच वाक्य.

आणखी म्हणाली, "मोजा घालू नका बरं. तुमीच सांगतस ना, बोटं लागतस."

मी म्हटलं, आज अक्कल आली तुला, गाडीत बसताना.

म्हणाली, "हो आत्या, आजच उनी."

४ मे

योगेंद्र दोन दिवसांत येतो म्हणून अमळनेरला गेला. बायकोचा चार्जर घरी राहिला, तो द्यायला. आज चौथा दिवस. फोन केला तर म्हणतो, ऐकू येत नाही माय. गेटवर मी बसते. शेठचा फोन आला तर योगेंद्र संडासला गेलाय म्हणते.

सुकलाल फोन उचलत नाही.

चंचल मात्र रोज फोन करते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कुत्रे पोहले का, औषध लावलं का, झाकणं दोनच टाकली का. सहा वर्षं एका छपराखाली होती, एवढी काळजी कधी केली नाही.

९ मे

शेठाणीची नातवंडं आली. दोन मुलं, दिवसभर कुत्र्यांबरोबर तळ्यात. पाण्यातून निघत नाहीत, त्यामुळे औषध पाचदा. शेठाणीनं स्वतः कान उलटून पाहिले, एक गोचीड नाही. म्हणाल्या, "बा, सरस काम कर्युं." मला उठून उभं राहायचं होतं, पण पाय जड झालेत. बसूनच हात जोडले.

तहान फार लागते. माठ आता मलाच भरावा लागतो. शुगरची गोळी सकाळी घेतली का नाही आठवेना, म्हणून दोन घेतल्या.

११ मे

दुपारी गेटवर बसल्या बसल्या डोळा लागला. कुणीतरी हाक मारत होतं, मला ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला तोंड उघडेना. जीभ टाळूला चिकटलेली. योगेंद्रचा बाप असाच पडायचा. त्याला मी किती बोलत असे.

अक्षर वाकडं येतंय. बोटांना पेन कळत नाही.

१३ मे

चंचलचा फोन. म्हटलं, डोळे मिटतात वं, छातीत काहीतरी थांबून थांबून चालतं.  

ती म्हणाली, "ऊन शे आत्या. पडी ऱ्हा जराशी."

मी म्हटलं, योगेंद्रला दे. म्हणाली, ते झोका बांधताहेत. अखाजी होऊन किती दिवस झाले, अजून कसला झोका. पण तिथून हसण्याचा आवाज येत होता, योगेंद्रचाच. तो एवढ्या मोठ्यानं हसतो हे मला माहीत नव्हतं.

फोन ठेवताना तिनं विचारलं, संध्याकाळचं राहिलंय ना अजून. म्हटलं, हो. म्हणाली, तेवढं लावून घ्या आणि मग निवांत झोपा.

निघताना म्हणाली ते सोडलं नाही, शब्दाची पक्की आहे, हे कबूल करायला हवं. बादली भरून ठेवली आहे. टॉफी पाण्यातून काठाकडे येताना दिसते. उठते.